न्यायाधीशाचा दृष्टान्त आणि वक्त्याचा अधिकार

मराठीतील वक्तृत्वविचार बहुधा दोन टोकांना गेलेला दिसतो. एका टोकाला सभाधीटपणा, आवाजाची फेक, सुभाषितांची पेरणी अशा व्यावहारिक सूचनांची जंत्री असते. दुसऱ्या टोकाला वक्तृत्व म्हणजे सत्यावर चढवलेला मुलामा, ही साशंक नापसंती असते. श्रोत्याचे मन वळते तेव्हा नेमके काय घडते, हा मूळ प्रश्न दोन्हीकडून निसटतो. ॲरिस्टॉटलने मन वळवण्याची तीन साधने सांगितली: विधानांतून उभा राहणारा तर्क, श्रोत्याची भावावस्था आणि वक्त्याची विश्वासार्हता. पदव्युत्तर वर्गात ही त्रयी तीन वेगळे कप्पे असल्याप्रमाणे शिकवली जाते. उतारा घ्यावा, त्यातील तर्काची, भावनेची व शीलाची स्थळे अधोरेखित करावीत, की विश्लेषण पुरे झाले, असा समज रूढ होतो. परंतु समर्थ संहितेत ही साधने शेजारी-शेजारी उभी नसतात; ती एकमेकांच्या जागा घेतात. वक्त्याची विश्वासार्हता कधी तर्काचेच एक गृहीतक बनते, आणि खरा पेच तेथे सुरू होतो. या पेचाचे एक लक्षणीय उदाहरण खानदेशाच्या भूमीवरच घडले आहे.

१९३२ साली सविनय कायदेभंगाच्या चळवळीत विनोबा भावे धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात त्यांनी दर रविवारी एक याप्रमाणे गीतेच्या अठरा अध्यायांवर अठरा प्रवचने दिली. ती लिहून घेतली सहबंदी साने गुरुजींनी. म्हणजे आज वाचकाच्या हाती असलेली संहिता एकाने बोललेली आणि दुसऱ्याने टिपलेली आहे. बोलणारा गणिताच्या शिस्तीचा, शब्दाला शब्द तोलणारा. टिपणारा भावार्द्र वृत्तीचा, ज्याने पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. या संहितेतील तर्क विनोबांचा आणि भाव गुरुजींचा, अशी सोपी वाटणी करण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे, कारण पहिल्याच प्रवचनात वक्ता गीतेशी आपले नाते आईच्या दुधाच्या उपमेने सांगतो, आणि तर्क बाजूला ठेवून श्रद्धा व प्रयोग यांच्या बळावर आपण या ग्रंथाकडे जात असल्याचे कबूल करतो. तर्क सोडल्याची ही कबुली देऊन झाल्यावर लगेच येतो तो मात्र अत्यंत काटेकोर तर्काचा दृष्टान्त.

दृष्टान्त असा आहे. शेकडो गुन्हेगारांना फाशी सुनावलेल्या एका न्यायाधीशापुढे एके दिवशी खुनाच्या आरोपाखाली त्याचाच मुलगा उभा राहतो. गुन्हा शाबीत होतो. आणि फाशीची शिक्षा अमानुष आहे, तिने माणूस सुधारत नाही, असे विचार न्यायाधीशाला त्या दिवशी सुचू लागतात. कुरुक्षेत्रावर अर्जुनाच्या तोंडी आलेला युद्धविरोध याच जातीचा, असे विनोबांचे म्हणणे. अनेक लढाया लढलेल्या अर्जुनाला युद्धाचे पाप आजच दिसले, कारण समोर आज स्वजन आहेत.

येथे श्रोतृवर्ग ध्यानात घेतला पाहिजे. हे ऐकणारे अहिंसेची शपथ घेऊन तुरुंगात आलेले सत्याग्रही होते. युद्ध नको म्हणणाऱ्या अर्जुनाच्या बाजूला त्यांचे मन स्वभावतःच झुकणार. त्यांना अहिंसेच्या विरोधात युक्तिवाद ऐकवून काहीच साधले नसते. दृष्टान्ताने तो मार्ग घेतलाच नाही. त्याने प्रश्न अहिंसा खरी की खोटी, येथून उचलला आणि ती उच्चारण्याचा अधिकार कोणाचा, येथे आणून ठेवला. ‘मोहातून निघालेला युक्तिवाद ग्राह्य नाही’ हे मधले वाक्य वक्ता सिद्ध करत बसत नाही. न्यायाधीशाची गोष्ट ऐकताना श्रोता ते आपल्या मनाशी पुरे करतो. एक पायरी श्रोत्यावर सोपवणाऱ्या अशा अनुमानाला ॲरिस्टॉटलने वक्तृत्वाचा कणा मानले आहे. श्रोत्याने स्वतः जोडलेली पायरी त्याला बाहेरून लादलेली वाटत नाही.

यावर तर्कशास्त्राचा आक्षेप उघड आहे. एखादा विचार कोठून उगवला यावरून त्याचे खरेखोटेपण ठरत नाही. पुत्रमोहामुळे का होईना, न्यायाधीश फाशीविषयी जे म्हणाला ते खरे असू शकते. हा दृष्टान्त म्हणजे मुद्द्याला बगल देऊन माणसावर केलेला हल्ला, असे कोणी म्हणेल. पण विनोबांनी हा आक्षेप आधीच ओळखला होता. अर्जुनाचे मुद्दे गैर नव्हते, मागच्या महायुद्धाने ते परिणाम जगाला दाखवलेही, असे ते त्याच ठिकाणी मान्य करतात. त्यांचा निषेध आहे तो एवढ्यापुरताच की हे अर्जुनाचे दर्शन नव्हते, तो केवळ प्रज्ञावाद होता. विधानाचे सत्य आणि विधान करणाऱ्याचा अधिकार या दोन गोष्टी येथे वेगळ्या काढल्या आहेत. म्हणून तर्कदोषाचा आरोप जसाच्या तसा टिकत नाही. जो प्रश्न उरतो तो अधिक अवघड आहे: हा अधिकार ठरवायचा कोणी आणि कशावरून?

भारतीय प्रमाणविचारात याचे उत्तर ‘आप्त’ या कल्पनेत शोधले गेले. वस्तू जशी आहे तशी जाणणारा आणि जाणले ते तसेच सांगू इच्छिणारा तो आप्त; त्याचा शब्द हे प्रमाण. ॲरिस्टॉटलचा आग्रह वेगळा आहे. वक्त्याविषयीचा विश्वास त्याच्या भाषणातूनच उपजला पाहिजे, आधीच्या लौकिकावर तो उधार घेऊ नये. धुळ्याच्या तुरुंगात या दोहोंतील अंतर जाणवण्याचे कारण नव्हते. वक्ता श्रोत्यांसारखाच कैदी होता. प्रयोग हा शब्द तो ज्या जीवनाला उद्देशून वापरत होता, ते त्यांच्या डोळ्यांसमोर चालू होते. संहिता मात्र तुरुंगाबाहेर आली. शिरपूर, शिंदखेडा, साक्रीकडच्या ज्या घरांत बोलणे अहिराणीत चालते, तेथे ती प्रमाण मराठीतून पोहोचली. अशा वाचकापाशी वक्त्याचा सहवास नाही; त्याच्यापुढे फक्त पान आहे. कर्माला आतल्या विकर्माची जोड मिळाली की त्याचे ओझे उरत नाही, हे पटवताना विनोबा जड लाकडाची जळून हलकी राख होते, असा दाखला देतात. शांकरभाष्यात निषिद्ध कर्म या अर्थाने येणाऱ्या ‘विकर्म’ शब्दाचा अर्थ येथे पार पालटलेला आहे. पण वाचक थांबून पुरावा मागत नाही. चुलीपाशी रोज पाहिलेल्या राखेने शब्दाच्या नव्या अर्थावर सही केलेली असते. विश्वास भाषणातूनच उपजतो, या ॲरिस्टॉटलच्या म्हणण्याचा हा पडताळा आहे, आणि सावधगिरीची सूचनाही.

विनोबांच्या दृष्टान्ताची खरी परीक्षा पुढे विनोबांवरच आली. १९७५ मध्ये आणीबाणीच्या संदर्भात ‘अनुशासनपर्व’ हा शब्द त्यांच्याकडून आला आणि शासनाने तो प्रचाराला वापरला. त्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गा भागवतांनी आणीबाणीला विरोध केला. अनेक मराठी वाचकांनी तेव्हा न्यायाधीशाचाच प्रश्न उलटा विचारला: हे वक्त्याचे दर्शन की नुसता शब्द? पूर्वीचा लौकिक हाच विश्वासाचा एकमेव आधार असता, तर त्या दिवसापासून प्रवचनांचा प्रभाव संपायला हवा होता. तो संपला नाही. कारण संहितेने वाचकाच्या हाती दिलेली कसोटी खुद्द वक्त्यालाही लावता येते. ज्याने ती दिली त्याच्याविरुद्धही ती वापरता यावी, यात त्या प्रवचनाचा कमीपणा नाही. हाच त्याच्या प्रामाणिकपणाचा पुरावा आहे.

म्हणून तर्क, भावना आणि विश्वासार्हता यांचा हिशेब मांडताना कोणते साधन किती वापरले, हे मोजून भागत नाही. कोणते साधन दुसऱ्याच्या जागी उभे आहे आणि ती अदलाबदल श्रोत्याला दिसेल अशी ठेवली आहे की झाकली आहे, हे पाहावे लागते. प्रचारक ती झाकतो. तर्क बाजूला ठेवल्याचे आरंभीच सांगणारा, आणि प्रतिपक्षाचे मुद्दे गैर नसल्याचे कबूल करणारा वक्ता ती उघड ठेवतो. त्याच्याशी मतभेद करण्याची वाट श्रोत्याला मोकळी राहते. वळवलेले मन आणि वाकवलेले मन यांतला फरक शेवटी या मोकळ्या वाटेवरून कळतो.