पाण्याला कडा नसते: रझांच्या एका चित्रावरून

'रझांवर क्युबिझमचा प्रभाव' असा विषय घेऊन गाईडकडे गेलात, तर पहिला प्रश्न येईल: प्रभाव ओळखणार कसा? मी फिजिक्सची, म्हणून मला उलटी चाचणी सुचते. ही शैली कुठे अडते ते आधी बघायचं.

नर्मदेच्या मुलखातले, मंडला जिल्ह्यात जन्मलेले रझा नागपूर करून जे. जे. मध्ये आले. १९४८ साली काश्मीरमध्ये फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँ यांनी त्यांची चित्रं पाहून सांगितलं की यात बांधणी कमी पडते, सेझान अभ्यासा. १९५० ला रझा फ्रान्सला गेले. १९५१ च्या 'ओ द कान्य' मध्ये ती बांधणी ठासून दिसते: डोंगरगावातली घरं एकमेकांना टेकलेले ठोकळे झालीत, माणूस एकही नाही. चित्र भक्कम आहे, पण मला थोडं गुदमरल्यासारखं होतं. हलणारं काहीच उरलेलं नाही.

आता हीच रीत नदीला लावून बघा. घराला, बाटलीला, गिटारला कडा असते, म्हणून त्यांचे पैलू पाडता येतात. वाहत्या पाण्याचे कुठून पाडणार?

अपवाद एकच, थंडी संपतानाची गोठलेली नदी. बर्फ फुटून लाद्या तरंगतात, म्हणजे नदी स्वतःच पैलू पाडून देते. शिवाय वितळताना तापमान ० अंशावरच थांबतं. ग्रॅममागे साधारण ३३४ ज्यूल उष्णता आत जाते, थर्मामीटर हलत नाही, फक्त कडा झिजतात. हिवाळा आणि वसंत एकाच पृष्ठभागावर! मोनेनं १८८० च्या जानेवारीत सेनवरचा फुटलेला बर्फ रंगवला, पण त्यासाठी त्याला कितीतरी कॅनव्हास लागले. क्युबिस्ट चित्रकाराला हे एका चौकटीत जमायला हवं, असा माझा अंदाज.

आपल्या नद्या गोठत नाहीत. पण फाल्गुनात पाणी ओसरलं की पात्रातला काळा खडक उघडा पडतो आणि कडा तो पुरवतो. त्याचे पैलू कसे असतात ते बघायचं तर जुहूहून रिक्षा करून अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला जा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा थंड होताना आकसून तडकला, त्याचे उभे खांब तिथे आहेत.

तर सिनॉप्सिसमध्ये 'प्रभाव' खोडा आणि लिहा: १९४८ ते १९५३ च्या रझांच्या चित्रांत कोणत्या वस्तूंचे ठोकळे होतात, कोणत्यांचे होत नाहीत? हे मोजता येतं. पाण्याचेही ठोकळे झालेलं एक चित्र सापडलं, तर माझा वरचा सगळा युक्तिवाद पडतो.