'सोंगह्वान' : एक अनुबोधपट आणि दोन कोरियांचे वैर

कोरियाच्या फाळणीवरील अनुबोधपटांत किम डोंग-वन यांच्या 'सोंगह्वान' (२००३) या पटाचे स्थान वेगळे आहे. शीर्षकाचा अर्थ 'परत पाठवणी'. उत्तरेकडून बहुतेक हेर म्हणून आलेले, दक्षिणेत पकडले गेलेले आणि कित्येक दशके तुरुंगात काढूनही मतपरिवर्तनाच्या लेखावर सही न करणारे वृद्ध कैदी हा त्याचा विषय. त्यांपैकी चो चांग-सोन व किम सोक-ह्योंग हे दोघे १९९२ मध्ये सोलच्या बोंगचोन-डोंग वस्तीत राहावयास आले, आणि दिग्दर्शकाचा कॅमेरा पुढे सुमारे बारा वर्षे त्यांच्या मागे राहिला.

वैराला कार्यालय असते, छापील नमुना असतो, हे या पटाइतके स्पष्टपणे क्वचितच दिसले असेल. या एका सहीसाठी १९७०च्या दशकात कैद्यांचा अमानुष छळ झाला. मतपरिवर्तनाची पद्धती १९९८ मध्ये गेली. तिच्या जागी कायदेपालनाची शपथ आली, ती २००३ पर्यंत टिकली. यातील क्रूर विपर्यास असा की, २ सप्टेंबर २००० रोजी जे ६३ जण पानमुनजोम ओलांडून उत्तरेस गेले, त्यांत सही न करणाऱ्यांनाच स्थान होते. छळाखाली ज्यांचा हात वाकला, ते मागे राहिले.

दिग्दर्शक आपला ओढा लपवीत नाही. निवेदनही तोच करतो. परंतु हे वृद्ध किम इल-सुंगच्या स्तुतीची गाणी म्हणू लागले की त्याला अवघडल्यासारखे होते, आणि ते तो प्रेक्षकापासून दडवीत नाही. आमच्या मते पटाची विश्वसनीयता याच अवघडलेपणावर उभी आहे. निखळ भक्तिभावाने केलेला पट प्रचारपट ठरला असता.

एक उणीव मात्र नोंदविली पाहिजे. उत्तरेने पळवून नेलेल्या माणसांचे नातेवाईक पाठवणीला विरोध करण्यासाठी येतात, तेव्हा कॅमेरा त्यांच्यापाशी फार रेंगाळत नाही. वस्तुतः त्यांचे दुःखही त्याच सीमेने घडविलेले आहे. आपले माणूस पलीकडे, आणि मध्ये दोन सरकारे. चो यांना मिळालेल्या वेळेचा थोडा वाटा त्यांना मिळता, तर वैराचे चित्र अधिक पूर्ण झाले असते. कदाचित अधिक असह्यही.

मागे राहिलेल्यांची बाकी किम यांच्या मनात राहिली असावी. २०२२ मध्ये त्यांनी 'दुसरी पाठवणी' हा पट प्रदर्शित केला. त्याच्या केंद्रस्थानी किम योंग-शिक आहेत. त्यांनी छळाखाली सही केली होती, म्हणून ते त्या ६३ जणांत नव्हते.