कुष्ठाची लागवड आणि ‘संवर्धन’ हा शब्द

दुर्मिळ पर्वतीय औषधी मूळ स्थानाबाहेर पिकविली की ती वाचली, हे गृहीत कुष्ठाच्या उदाहरणाने डळमळते. काश्मीरच्या उंच उतारांवरील ही वनस्पती १९२० नंतरच्या दशकात लाहौलच्या शेतांत आली व तेथे नगदी पीक ठरली. तथापि १९८५ साली तिला वन्यजाति-व्यापारविषयक आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात घालावे लागले. कारण उघड आहे. औषध मुळात असते; मूळ खणले की झाड संपते, आणि रानात खणणाऱ्याला ना पेरणीचा खर्च, ना वाट पाहण्याचा. लाहौलच्या शेतकऱ्यांनी बाजाराला माल पुरविला, हे थोडे नव्हे; परंतु त्यास ‘संवर्धन’ म्हणणे हा शब्दाचा सैल वापर होय. काश्मीरच्या उतारावर पडलेल्या बियांतून किती रोपे तगली, हे शेतातील उत्पन्नाच्या आकड्यांवरून कळत नाही.