वॉरियरची कूर्मगती

ऑनलाइन रोल-प्लेइंग गेममधल्या पात्राचा क्लास ओळखायचा कसा? बहुतेक जण त्याची शस्त्रे आणि मंत्र पाहतात. मी त्याची चाल पाहतो: तो लेव्हल किती वेगाने चढतो, कुठे अडतो, कोणाला हाक मारतो. गेल्या दोन दशकांत या चाली एकसारख्या होत गेल्या आणि क्लासची ओळख पुसट झाली, असे माझे ठाम मत आहे.

क्लासागणिक लेव्हल चढण्याच्या वेगात पडणारा फरक टेबलावरच्या खेळातून आला. ‘ॲडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत दुसरी लेव्हल गाठायला चोराला १,२५० अनुभवगुण पुरत, योद्ध्याला २,००० लागत आणि जादूगाराला २,५००. पुढे २००० च्या तिसऱ्या आवृत्तीने सर्वांना एकच तक्ता दिला. १९९९ च्या ‘एव्हरक्वेस्ट’मध्ये पॅलाडिन, रेंजर, बार्ड अशा मिश्र क्लासना जास्त अनुभव लागे आणि त्याचा भार गटातल्या सोबत्यांवरही पडे. हा सरळ अन्याय होता. तो गेला ते बरेच झाले.

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने २००४ मध्ये यापेक्षा फार सुंदर वाट काढली. त्या मूळ खेळात तक्ता सर्वांना एकच, पण चढण प्रत्येकाची निराळी. हंटर दहाव्या लेव्हलला जनावर माणसाळवायला शिकतो. मग जनावर मार झेलते, हा लांबून बाण सोडतो आणि न थांबता पुढच्या शिकारीकडे वळतो. पण त्या जनावराला खाऊ घालावे लागते, बाणांचा साठा सांभाळावा लागतो. वॉरियरचे सगळेच उलटे. वार करायला लागणारा त्याचा ‘रेज’ मारताना आणि मार खाताना भरतो; वार चुकला की हात रिकामे. एकाच्या जागी दोन शत्रू अंगावर आले तर बहुधा मरणच. प्रत्येक झुंजीनंतर बसून खायचे, पट्ट्या बांधायच्या. तिसाव्या लेव्हलला ‘व्हर्लविंड’ शस्त्राची क्वेस्ट मिळते. सायक्लोनियन नावाच्या वादळी शत्रूला पाडल्याशिवाय ती पुरी होत नाही आणि तो एकट्याला सहसा आवरत नाही. म्हणजे वॉरियरला माणसे जोडावीच लागतात. पुढे मोठ्या लढाईत सर्वांपुढे उभा राहून घाव झेलणारा हाच असतो, आणि त्या जागेवरचा त्याचा हक्क याच रखडण्यातून तयार झालेला असतो. पात्रलेखनाचा इतका सखोल नमुना मला या माध्यमात दुसरा दिसत नाही.

मग क्लासची ही धार हळूहळू बोथट झाली. २००८ पासून वारसाहक्काच्या वस्तूंनी नव्या पात्रांना जादा अनुभव मिळू लागला. २०१० मध्ये बाण मोजण्याची गरज उरली नाही. २०१४ पासून पैसे मोजून थेट नव्वदाव्या लेव्हलचे पात्र घेता येऊ लागले. हाताशी भरपूर बटणे, पण त्यांतले एकही कमावलेले नाही. २०२० मध्ये १२० लेव्हलचे आकडे आक्रसून ५० वर आले. वेळ कमी असलेल्या खेळाडूची सोय झाली हे मान्य, आणि ती सोय गरजेचीही होती. पण कोणताही क्लास घ्या, वरपर्यंतचा प्रवास जवळजवळ तसाच वाटू लागला.

‘फायनल फँटसी १४’ने वेगळा उपाय केला. तिथे एकच पात्र सगळे जॉब, म्हणजे तिथले क्लास, शिकते, म्हणून प्रत्येक जॉबला स्वतःची कथा दिली होती. वेग कमी-जास्त झाला तरी ओळख त्या कथेने धरून ठेवली. २०१९ च्या ‘शॅडोब्रिंगर्स’ या विस्तारापासून मात्र पुढच्या टप्प्यासाठी अनेक जॉबना मिळून एकच भूमिकाकथा आली. ही घट मला बोचते, कारण जमलेली गोष्ट सोडून दिली गेली.

‘वॉरक्राफ्ट’ची मूळ आवृत्ती ‘क्लासिक’ नावाने २०१९ मध्ये परतली. २०२३ मध्ये तिच्या ‘हार्डकोअर’ सर्व्हरवर एकदा मेलेले पात्र कायमचे संपू लागले, आणि तिथे साठाव्या लेव्हलच्या वॉरियरला जो मान मिळतो तो हंटरला मिळत नाही. त्याच वर्षअखेर ‘क्लासिक’मध्येच आलेल्या ‘सीझन ऑफ डिस्कव्हरी’ने पहिली मर्यादा पंचविसाव्या लेव्हलवर घातली आणि दऱ्याखोऱ्यांत लपवलेले ‘रून’ शोधायला लावले. एखादा रून हाती लागला की मेज (जादूगार) जखमा भरू लागतो, वॉरलॉक घाव झेलू लागतो. घाई करून पोचायला पुढे जागाच नव्हती. खेळाडू रेंगाळले, आपला क्लास चाचपत राहिले. नव्या रचनाकारांनी यातली ही लेव्हलची मर्यादा आधी घ्यावी, रून नंतर.