पदकानंतरची पाने

अपुऱ्या राहिलेल्या गोष्टीचे आपल्या मराठी मनाला मोठे वेड आहे. ज्ञानदेवांनी एकविसाव्या वर्षी समाधी घेतली. थोरले माधवराव पेशवे १७७२ साली सत्ताविसाव्या वर्षी गेले. बालकवींना १९१८ साली, तितक्याच वयात, रेल्वेच्या अपघाताने ओढून नेले. या तिघांच्या अकाली जाण्यावर मराठीत जेवढी शाई खर्ची पडली, तेवढी कितीतरी दीर्घायुषी थोरांच्या कर्तृत्वावर पडलेली नाही. रणजित देसाईंची 'स्वामी' १९६२ साली आली आणि अजून घरोघर वाचली जाते, याचे एक कारण हेही आहे की तिच्या पहिल्या पानापासून वाचकाला शेवट ठाऊक असतो. मृत्यू हा कादंबरीकाराचा जुना हितचिंतक आहे. तो आला की गोष्ट आपोआप पुरी होते.

खेळाडूची गोष्ट लिहायला बसणाऱ्याला हा हितचिंतक उपयोगी पडत नाही. खेळाडू तिशीच्या आत संपतो, आणि त्यानंतर पुष्कळ वर्षे जगतो. गुडघा मोडतो, निवड समिती पाठ फिरवते, हाडात गाठ निघते, आणि ज्या गोष्टीसाठी लोक त्याला ओळखत होते ती गोष्टच त्याच्यापासून काढून घेतली जाते. पण सकाळ रोज उजाडते. दूध आणायचे असते, भाडे भरायचे असते, पोरांच्या शाळेची फी द्यायची असते. या उरलेल्या आयुष्याचे काय करावे, हे खेळाडूला कदाचित समजते. आपल्या लेखकांना मात्र अजून समजलेले नाही, अशी माझी तक्रार आहे.

अशा खेळाडूंवर आपल्याकडे जे लिहिले जाते, त्याचे मला तीन प्रकार दिसतात. पहिला जर-तरचा. भाऊसाहेब निंबाळकरांची गोष्ट पाहा. १९४८ च्या डिसेंबरात पुण्याला काठियावाडविरुद्ध ते नाबाद ४४३ वर होते. ब्रॅडमनच्या ४५२ ला गाठायला अवघ्या नऊ धावा हव्या होत्या, आणि समोरच्या संघाने पुढे खेळायचेच नाकारले. त्यांना कसोटी सामनाही कधी मिळाला नाही. या हकिगतीवर लिहिणारा प्रत्येकजण त्या नऊ धावांपाशी येऊन थबकतो आणि सुस्कारा टाकतो. ज्या ४४३ झाल्या त्या कशा झाल्या, तो फलंदाज कोणत्या चेंडूला पुढे येई, कोणत्या चेंडूला मागे सरे, हे मात्र क्वचितच कोणी सांगतो. न झालेल्या नऊ धावा झालेल्या ४४३ पेक्षा मोठ्या ठराव्यात, हा रसिकतेचा दोष आहे. हळहळ ही फार स्वस्त भावना आहे. तिला अभ्यास लागत नाही.

दुसरा प्रकार तात्पर्यकथेचा. १९८८ साली हॅरिस शील्डमध्ये दोन शाळकरी मुलांनी ६६४ धावांची अखंड भागी केली. त्यांतल्या विनोद कांबळीने नाबाद ३४९ केल्या, सचिन तेंडुलकरने नाबाद ३२६. पुढे एकाची कारकीर्द चोवीस वर्षे चालली. दुसऱ्याची कसोटी कारकीर्द १९९५ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी आटोपली. तेव्हापासून ही जोडी ससा-कासवाच्या जागी जाऊन बसली आहे. आम्ही मास्तर लोक तर ती वर्गात हमखास वापरतो. पण कथालेखक म्हणून विचार केला की ही गोष्ट मला फार सोयीची वाटते. १७ कसोटी, १०८४ धावा, ५४ च्या वर सरासरी, लागोपाठच्या दोन कसोटींत दोन द्विशतके: हे आकडे तात्पर्यात बसत नाहीत. ज्याच्या नावावर हे आहे तो पुन्हा कसोटीत का दिसला नाही, याचे उत्तर एका माणसाच्या स्वभावात शोधून मोकळे होणे म्हणजे चौकशी न करता निकाल देणे. चांगली कादंबरी आपल्या पात्राला असे वागवत नाही.

तिसरा प्रकार सत्काराचा, आणि त्यात सर्वांत मोठे नुकसान झाले आहे ते खाशाबा जाधवांचे. गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ साली लंडनला सहावा आला. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गावी बैलगाड्यांची मिरवणूक निघाली आणि खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवून कर्ज फेडले. इथवर सगळे चरित्रकार रंगून लिहितात. मग एक वाक्य येते: गुडघ्याच्या दुखापतीमुळे ते १९५६ च्या ऑलिंपिकला जाऊ शकले नाहीत. आणि त्यापुढचे वाक्य थेट १९८४ च्या अपघाती मृत्यूचे किंवा मरणोत्तर मिळालेल्या अर्जुन पुरस्काराचे.

मधली अठ्ठावीस वर्षे गेली कुठे? १९५५ साली ते पोलीस खात्यात दाखल झाले आणि सत्तावीस वर्षे नोकरी करून निवृत्त झाले. जगातल्या मोठमोठ्या मल्लांशी भिडलेला माणूस सत्तावीस वर्षे वरिष्ठांना सलाम ठोकतो, रजेचे अर्ज लिहितो, बदलीच्या हुकुमांची वाट पाहतो. जिना चढताना तो गुडघा बोलत असेल. नव्याने भरती झालेल्या पोरांपैकी किती जणांना ठाऊक असेल, हे साहेब कोण आहेत ते? खरी कादंबरी इथे आहे, आणि नेमकी हीच पाने कोरी आहेत. देशाने त्यांची उपेक्षा केली, हे आपण दरसाल आवेशाने लिहितो. पण ज्या वर्षांत ती उपेक्षा घडली त्या वर्षांकडे लेखकानेही पाहिले नाही, तर ती त्याचीही उपेक्षाच नव्हे काय?

चित्रपटांनी याबाबतीत किंचित अधिक धैर्य दाखवले आहे. मुरलीकांत पेटकर हे सैन्यातले मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आले आणि मुष्टियुद्ध संपले. पुढे १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी पन्नास मीटर पोहण्याचे सुवर्णपदक जिंकले. त्यांच्यावरचा 'चंदू चॅम्पियन' २०२४ साली आला. त्यात म्हातारा नायक आपली तक्रार घेऊन पोलीस ठाण्यात येतो, ही कल्पना उत्तम आहे; कारण तिथे आपल्याला प्रथमच विस्मृतीत जगणारा खेळाडू दिसतो. मात्र दिग्दर्शकाचे लक्ष त्या म्हाताऱ्यावर टिकत नाही. तो पडदा उघडणाऱ्या सूत्रधारासारखा येतो आणि आपल्याला पुन्हा मैदानात नेऊन सोडतो. त्या मानाने २००५ सालच्या 'इक्बाल'मधला दारूत बुडालेला जुना खेळाडू, नसीरुद्दीन शाह यांनी उभा केलेला, मला अधिक खरा वाटतो. त्याची कारकीर्द गेली, पण डोळा गेलेला नाही. मुक्या-बहिऱ्या पोराच्या हातात चेंडू पाहताच तो डोळा उघडतो. गेलेल्या खेळाडूजवळ काय उरते, याचे एक उत्तर त्या चित्रपटाने दिले आहे.

आणि दुसरे उत्तर प्रत्यक्ष जीवनानेच दिलेले आहे. सोलापूरला जन्मलेला सलील अंकोला १९८९ साली कराचीत तेंडुलकरच्याच बरोबर पहिली कसोटी खेळला. तीच त्याची शेवटची. १९९७ साली, अजून तिशी न गाठता, पायाच्या हाडातल्या गाठीमुळे त्याला खेळ सोडावा लागला. तो अभिनयाकडे वळला, आणि पुष्कळ वर्षांनी निवड समितीचा सदस्य म्हणून क्रिकेटकडे परतला. ज्याचे स्वतःचे दार लवकर बंद झाले, त्याने दुसऱ्यांची दारे उघडायला बसावे! एवढा नाट्यमय प्रसंग समोर असताना आमचे नाटककार विषय मिळत नाही म्हणून कुरकुरतात.

हे लिहायचे कसे, याचा धडा घेण्यासाठी आम्हा वऱ्हाडकरांना फार दूर जायला नको. उद्धव शेळक्यांची 'धग' १९६० साली आली. तिच्यातल्या कौतिकला कोणी पदक देणार नव्हते. दारिद्र्याशी ती दिवसामागून दिवस झुंजते, आणि शेळके तिच्या एकाही दिवसाची कीव करीत नाहीत, त्याला तात्पर्यही चिकटवत नाहीत. ते फक्त पाहतात. पाहता पाहता चुलीपाशी बसलेली ती बाई कोणत्याही मल्लाइतकी मोठी होते. ज्याच्या आयुष्यातला जयघोष थांबला आहे अशा माणसावर लिहायला हीच नजर हवी. आमच्याकडे कापूस वेचून झाला म्हणजे पऱ्हाटी उपटून सरपणाला नेतात. कास्तकाराचे ते बरोबर आहे. लेखकाने मात्र माणसांच्या बाबतीत तसे करू नये.

अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाकडे पाहिले की मला हाच विचार दुसऱ्या अंगाने सुचतो. वैद्य बंधूंनी १९१४ साली ते सुरू केले. १९३६ साली मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. ते स्पर्धक नव्हते, म्हणून पदकांच्या तक्त्यात त्यांचे नाव असण्याचा प्रश्नच नव्हता. पण मंडळाची खरी मिळकत मला वाटते ती वेगळी: इथे खेळाडूबरोबर शारीरिक शिक्षणाचे शिक्षकही तयार होत आले. अंग थकल्यावर विद्या वाया जाऊ नये, ती दुसऱ्या अंगात उतरावी, अशी ही व्यवस्था आहे. अकोल्या-अमरावतीकडच्या शाळांतून हुतूतूचे मैदान आखणारे, पोराला मल्लखांबावर पहिल्यांदा चढवणारे कितीतरी मास्तर असे आहेत की ज्यांचे स्वतःचे खेळणे लवकर आटोपले. त्यांच्यावर कोणी गौरवग्रंथ काढत नाही, आणि त्यांना पाहून कोणी सुस्कारा टाकावा असेही त्यांच्यात काही नाही.

या गोष्टीचा संबंध केवळ वाङ्मयाशी असता तर दिवाळीच्या फराळाबरोबर मी ती वाचकांपुढे ठेवली नसती. २०२४ साली पॅरिसला स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत कांस्यपदक मिळवले. खाशाबांनंतर ७२ वर्षांनी मराठी माणसाने पुन्हा वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणले, आणि आता गावोगावचे आईबाप मुलांना पहाटे मैदानावर सोडू लागले आहेत. त्या मुलांपैकी बहुतेकांचा खेळ विशीतच संपणार आहे, हे हिशेबाने उघड आहे. आपण त्यांच्या हाती कोणत्या गोष्टी देणार? जिंकणाऱ्यांच्या दिल्या, तर हरल्या दिवशी मुलगा स्वतःला शून्य समजेल. हळहळीच्या दिल्या, तर तो जन्मभर आपल्याच जर-तरला कवटाळून बसेल. त्याला हवी आहे ती पदकानंतरच्या पानांची गोष्ट, जिच्यात गुडघा मोडलेला माणूस दुसऱ्या दिवशी उठतो आणि कामाला लागतो. ती लिहिणे हे आमच्यासारख्या लेखकांचे काम आहे. ती मागून घेणे हे वाचकांचे.