वाद कीं जल्प ?

ग्रंथाचें परीक्षण करावें तसें एखाद्या स्पर्धेचेंही करतां येतें. कारण तिलाही कर्ते असतात, नियम असतात आणि गुणदोषही असतात. प्रस्तुत लेखाचा विषय अशीच एक स्पर्धा आहे. अमेरिकेंतील वेस्ट पॉइंट येथील लष्करी विद्यालयानें १९४७ सालीं महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची राष्ट्रीय वादस्पर्धा सुरू केली. १९६६ पर्यंत ती दरसाल त्याच आवारांत भरत असे. १९६७ पासून ती निरनिराळ्या विद्यापीठांत भरते. संघ दोघांचा असतो. विषय सबंध वर्षाला एकच, आणि तोही बहुधा सरकारनें अमुक एक धोरण स्वीकारावें अशा स्वरूपाचा. आजच्या नियमांप्रमाणें एका सामन्यांत ९ मिनिटांचीं चार मुख्य भाषणें, त्या प्रत्येकामागून ३ मिनिटांची उलटतपासणी, आणि शेवटीं ६ मिनिटांचीं चार प्रत्युत्तराचीं भाषणें होतात.

इतक्या दूरच्या स्पर्धेशीं आपला काय संबंध, असें कोणी विचारील. संबंध असा कीं, आपल्या घरांतील मुलगा किंवा मुलगी वादविवादाचा करंडक घेऊन आली म्हणजे आपण तो कौतुकानें फळीवर ठेवतों. पण या खेळानें त्यांच्या मनास कोणतें वळण लागलें, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतों. अमेरिकेंत तो विचारला गेला, आणि चांगला कडाक्यानें विचारला गेला.

या स्पर्धेचा प्राणभूत नियम असा कीं, प्रत्येक संघानें आळीपाळीनें दोन्ही बाजूंनीं बोललें पाहिजे. सकाळीं ज्या ठरावाचें मंडन केलें त्याचेंच दुपारीं खंडन करावयाचें. १९५४-५५ सालाकरितां विषय निघाला तो असा : चीनच्या साम्यवादी सरकारास अमेरिकेनें राजनैतिक मान्यता द्यावी. नियमानुसार प्रत्येक संघास केव्हां ना केव्हां मान्यतेच्या बाजूनें बोलणें प्राप्त होतें. तेव्हां वेस्ट पॉइंटनें आणि अॅनापोलिसच्या नाविक विद्यालयानें आपल्या विद्यार्थ्यांस या विषयावर वाद करण्याची मनाई केली. ज्या संस्थेच्या अंगणांत ही स्पर्धा वाढली तिनेंच आपल्या मुलांच्या तोंडावर हात ठेवावा, हें नवलच. पुढें १९५७ सालीं रिचर्ड मर्फी या वक्तृत्वशास्त्राच्या अध्यापकानें या नियमावर निराळ्या दिशेनें हल्ला केला. त्याचें म्हणणें असें कीं, चारचौघांत उच्चारलेला शब्द हा बोलणाराच्या प्रामाणिकपणाचा तारण असतो; जें मनास पटत नाहीं तें सभेंत पटवून देणें हा अनीतीचा धडा आहे.

सरकारी भीति आणि नैतिक आक्षेप या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीस काळानेंच उत्तर दिलें. १ जानेवारी १९७९ रोजीं अमेरिकेच्या सरकारनें चीनच्या त्याच राजवटीस मान्यता दिली. जें विद्यार्थ्यांनीं नुसतें बोलूनही पाहूं नये असें वाटलें होतें तें चोवीस वर्षांनंतर राज्यकर्त्यांनीं स्वतः केलें. मर्फीचा आक्षेप मात्र इतक्या सहज निकालांत निघत नाहीं. आपल्याकडील अनेक वडील मंडळींच्याही मनांत तोच आक्षेप असतो. ते त्याला तोंडाळपणा म्हणतात, एवढाच काय तो फरक.

तरीही आमच्या मतें मर्फीचा नेम चुकला आहे. प्रतिपक्षाची बाजू त्याच्याच ताकदीनें मांडून पाहणें ही आपल्या शास्त्रकारांची जुनी शिस्त आहे. पूर्वपक्ष मांडल्यावांचून आमचा भाष्यकार सिद्धान्ताकडे वळत नाहीं, आणि कित्येकदां तो पूर्वपक्ष इतका सबळ मांडलेला असतो कीं, आतां याचें खंडन कसें होणार, अशी वाचकास धास्ती पडते. म्हणून कोणी त्या भाष्यकारास अप्रामाणिक म्हणत नाहीं. वीस वर्षांच्या मुलानें आपल्या आवडत्या मताविरुद्ध अर्धा दिवस झटून विचार करावा, यासारखा उत्तम संस्कार दुसरा कोणता ? नापसंत बाजू वांट्यास येणें हा या स्पर्धेचा दोष नसून तिचा सर्वांत मोठा गुण आहे.

मग दोष कोठें आहे ? तो ओळखण्यास गौतमाच्या न्यायसूत्रांचें साह्य होतें. तेथें वाद, जल्प व वितंडा असा भेद केलेला आहे. सत्य कळावें म्हणून चालतो तो वाद. जय मिळावा म्हणून चालतो तो जल्प. आणि स्वतःचा पक्षच न मांडतां दुसऱ्याचा पाडण्यापुरती चालते ती वितंडा. स्पर्धा म्हटली कीं ती जल्पच असणार, आणि एवढ्यावरून ती त्याज्य ठरत नाहीं. गौतमानें जल्पासही जागा दिली आहे : कोंवळ्या अंकुराभोंवतीं कांटेरी फांद्या घालतात तसा तत्त्वाच्या रक्षणास जल्प उपयोगी पडतो. पण कुंपणालाही आंतील रोपाचें भान असावें लागतें. कुंपणच वाढत सुटलें तर रोप गुदमरून मरतें.

या स्पर्धेंत नेमकें तेंच झालें आहे. जो मुद्दा प्रतिपक्षानें उत्तरावांचून सोडला तो त्यानें मान्य केला, असा तेथें संकेत पडला. संकेत दिसण्यांत निर्दोष आहे. पण त्याचा परिणाम असा झाला कीं, ठरलेल्या मिनिटांत जितके अधिक मुद्दे कोंबावे तितकें जिंकणें सोपें. मग बोलण्याचा वेग वाढूं लागला. साधारण माणूस मिनिटाला दीडशेंच्या आसपास शब्द बोलतो. या स्पर्धेंतील कसलेले वक्ते तीनशेंच्याही वर जातात. श्वास घोटून, मान खालीं घालून, टिपणें भराभर वाचलीं जातात. परीक्षक बहुधा याच आखाड्यांत तयार झालेले असल्यामुळें त्यांस तें कळतें; बाहेरचा सुशिक्षित मनुष्य सभागृहांत येऊन बसला तर त्यास अक्षरही कळत नाहीं.

आतां गौतमानें पराभवाचीं जीं बावीस निग्रहस्थानें सांगितलीं आहेत त्यांतील दोन पाहा. एकाचें नांव अविज्ञातार्थ. तीनदां सांगूनही जें सभेस व प्रतिवाद्यास कळत नाहीं तें बोलणारा हरला. अतिशय वेगानें केलेला उच्चार हें अशा दुर्बोधतेचें एक कारण म्हणून भाष्यकार वात्स्यायनानें स्पष्ट नमूद केलें आहे, आणि आपलें असामर्थ्य झांकण्याची ती युक्ति असल्याचेंही तो सांगतो. दुसरें निग्रहस्थान अननुभाषण. सभेस कळलेलें प्रतिपक्षाचें म्हणणें जो स्वतः पुन्हां सांगूं शकत नाहीं तोही हरला. पहिला नियम श्रोत्याचें रक्षण करतो, दुसरा प्रतिपक्षाचें. ज्या स्पर्धेंत हे दोन्ही नियम नाहींत, तेथें दोन्ही बाजूंनीं बोलूनही दुसरी बाजू समजत नाहीं; ती केवळ पाठ होते.

या वेगाचे पुरस्कर्ते म्हणतात कीं, तालमींतील जोर-बैठका कोणी रस्त्यांत काढीत नाहीं, पण त्यांनीं अंग तयार होतें, तसेंच हें. शिवाय वर्षभर एकाच विषयाचा कसून अभ्यास होतो. अभ्यासाची गोष्ट आम्हांस सर्वस्वी मान्य आहे, आणि तिचें मोल थोडें नाहीं. परंतु तालमीचा दृष्टान्त येथें लागू पडत नाहीं. बोलणें हा एकट्याचा व्यायाम नव्हे. त्यास ऐकणारा लागतो, आणि ज्यांत ऐकणाराच वगळला त्यास वक्तृत्वाची तालीम म्हणतां येणार नाहीं.

आपला स्वतःचा इतिहास या बाबतींत बोलका आहे. १८४८ सालीं मुंबईस एल्फिन्स्टन विद्यालयांतील विद्यार्थ्यांची वाङ्मय व शास्त्र यांकरितां सभा निघाली, आणि तिच्या मराठी व गुजराती शाखा ज्ञानप्रसारक सभा म्हणून प्रसिद्ध झाल्या. गांवांतल्या माणसास कळावें म्हणून तेथें देशी भाषांत निबंध वाचले जात व चर्चा होई. त्याच मंडळींनीं १८४९ सालीं मुलींच्या शाळा काढल्या. ऐकणारा समोर होता म्हणूनच बोलण्याचें पर्यवसान करण्यांत झालें.

आपल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत बहुधा एकाच महाविद्यालयाचा एक विद्यार्थी अनुकूल व दुसरा प्रतिकूल बोलतो, आणि दोघांचे गुण मिळून करंडक ठरतो. यांत एकासच दोन्ही बाजू मांडाव्या लागत नाहींत, ही उणीव आहे. ती भरून काढतांना परदेशी पद्धतीचा गुण अवश्य घ्यावा. पण त्याबरोबर आपल्या घरचे दोन नियमही घालावे. खंडनापूर्वीं प्रतिपक्षाचा मुख्य मुद्दा त्यास मान्य होईल अशा शब्दांत सांगितल्याशिवाय गुण देऊं नयेत. आणि परीक्षकांत एक तरी असा असावा कीं, ज्यानें आयुष्यांत कधींही वादस्पर्धा जिंकलेली नाहीं. त्यास कळलें नाहीं तर वक्ता हरला, असें निःशंकपणें जाहीर करावें.

करंडक मग घरीं येईल तेव्हां आईबापांनीं मुलास एवढेंच विचारावें, “समोरचा काय म्हणत होता ?” त्यास तें नीट सांगतां आलें तर तो करंडक खुशाल फळीवर ठेवावा.