स्वयंरचित थर : एका पारिभाषिक शब्दाची चिकित्सा

सोन्यासारख्या धातूचा स्वच्छ विद्युदग्र विशिष्ट द्रावणात ठेवला असता द्रावणातील रेणू त्याच्या पृष्ठाला चिकटतात आणि एकाच रेणूच्या जाडीचा सुबद्ध थर तयार होतो. इंग्रजी संज्ञेवरून त्यास मराठीत 'स्वयंरचित' म्हणावे, असे सहज सुचते. तथापि पारिभाषिक शब्दाची परीक्षा मूळ संज्ञेशी असलेल्या साम्यावरून नव्हे, तर वस्तुस्थितीवरून व्हावयास हवी. या परीक्षेस हा शब्द उतरत नाही.

'रचणे' हे क्रियापद सकर्मक आहे. त्यास रचणारा लागतो. 'स्वरचित काव्य' म्हणजे कवीने स्वतः रचलेले काव्य. त्याच न्यायाने 'स्वयंरचित थर' हा प्रयोगकर्त्याने स्वतः रचलेला थर ठरेल व अर्थ नेमका उलटा होईल. याउलट 'जुळणे' हे अकर्मक क्रियापद मराठीत सिद्धच आहे.

दुसरा आक्षेप 'रचित' या शब्दातून सूचित होणाऱ्या पूर्णतेवर आहे. १९४६ मध्ये बिगेलो, पिकेट व झिस्मन यांनी प्लॅटिनमवर असे थर दाखविले. १९८३ मध्ये नझो व अलारा यांनी सोन्यावर गंधकयुक्त संयुगांचे थर बसविले. गंधक सोन्यास काही मिनिटांतच धरते; रेणूंच्या शृंखला नीट जुळण्यास मात्र कित्येक तास लागतात. विद्युत्-रासायनिक मापनात या जुळण्याची पारख होते. फेरोसायनाइडच्या द्रावणात उघड्या सोन्यावर मिळणारा प्रवाह दीर्घ शृंखलांच्या दाट थरामुळे जवळजवळ थांबतो. जो उरतो, तो बहुधा थरातील छिद्रांची साक्ष देतो. प्रयोग जी उणीव मोजतो, तीच 'रचित' हा शब्द झाकतो.

जालन्यासारख्या पोलादाच्या गावी हा निव्वळ शब्दच्छल नव्हे. येथील रोलिंग मिलमधून निघणाऱ्या सळईवर लोहाच्या ऑक्साइडाचा पापुद्रा असतो. सोन्यावरील रीत तेथे जशीच्या तशी चालत नाही. गंज रोखण्यासाठी तेथे रेणूंचा थर बसविला, तरी जेथे छिद्र राहते तेथे गंजास वाट मिळते. थर 'रचून झाला' असे मानणारा विद्यार्थी ते छिद्र शोधणार नाही.

म्हणून 'स्वयंजुळणीचा थर' असे म्हणावे. या शब्दास संस्कृत संज्ञेचा भारदस्तपणा नाही, हे मान्य आहे. परंतु जुळणी कमीअधिक असू शकते, हे मराठी विद्यार्थ्यास वेगळे सांगावे लागत नाही.